फोटो भारी, तरी सर्चमध्ये सापडत का नाही? स्टॉक फोटोंच्या कीवर्डचं गणित समजून घ्या

बँकेच्या जाहिरातीतलं हसरं कुटुंब, बातमीसोबत लावलेला पावसातल्या लोकलचा फोटो, एखाद्या ॲपच्या पहिल्याच पानावर दिसणारं भाताचं हिरवंगार शेत. यातले बरेच फोटो त्या बँकेने, न्यूज साइटने किंवा ॲपवाल्यांनी स्वतः काढलेले नसतात. ते स्टॉक फोटोंच्या साइटवरून पैसे देऊन घेतलेले असतात.

फोटो घेणारा माणूस तिथे जातो, सर्चच्या चौकटीत दोन-तीन शब्द टाइप करतो आणि समोर आलेल्या पहिल्या काही फोटोंमधून एक निवडतो. म्हणजे फोटो काढणाऱ्याला पैसे मिळणार की नाही, हे आधी त्या सर्चमध्ये ठरतं. फोटोला जोडलेले कीवर्ड, म्हणजेच टॅग, तिथे सगळ्यात आधी कामाला येतात.

मोबाइलवर उत्तम फोटो काढणारी आणि ते विकून थोडे पैसे मिळतील का, असं विचारणारी मंडळी आता प्रत्येक मित्रमंडळात सापडतात. त्यांना 'भरपूर टॅग टाक' हा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. का, ते पाहूया.

स्टॉक फोटो म्हणजे काय?

आधीच काढून ठेवलेला, लायसन्स घेऊन वापरता येणारा फोटो म्हणजे स्टॉक फोटो. हा धंदा इंटरनेटच्या आधीपासून आहे. ओटो बेटमन या गृहस्थाने १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चित्रं आणि फोटोंचा मोठा संग्रह सुरू केला, तो 'बेटमन अर्काइव्ह' म्हणून प्रसिद्ध झाला. तेव्हा विषयवार कार्डं लावून ठेवत आणि माणूस त्यातून फोटो शोधून देत असे. कार्डावरचा विषय चुकला की फोटो कपाटात असूनही नसल्यासारखाच.

हेच काम पुढे इंटरनेटवर आलं. आयस्टॉक २००० मध्ये सुरू झालं आणि २००६ मध्ये गेटी इमेजेसने ते विकत घेतलं. जॉन ओरिंगरने २००३ मध्ये शटरस्टॉक सुरू केलं, तेही स्वतः काढलेल्या फोटोंच्या भांडवलावर. अ‍ॅडोबीने फोटोलिया ही कंपनी विकत घेऊन २०१५ मध्ये अ‍ॅडोबी स्टॉक आणलं. आज या साइटवर कोट्यवधी फोटो आहेत. इतके फोटो चाळत बसणं कुणालाच शक्य नाही, त्यामुळे सर्च हाच एकमेव दरवाजा उरतो.

यात पैसे किती असतात? अ‍ॅडोबी स्टॉकवर फोटो विकला गेला की फोटोग्राफरला ३३ टक्के वाटा मिळतो. शटरस्टॉकने २०२० मध्ये नवी पद्धत आणली. त्यात वाटा १५ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असतो, आणि दरवर्षी १ जानेवारीला सगळ्यांना पुन्हा तळाच्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. सबस्क्रिप्शनमधल्या एका डाऊनलोडमागे कधीकधी अमेरिकी डॉलरच्या दहाव्या भागाएवढीच रक्कम हाती येते. एक फोटो एकदा विकून काही होत नाही. तोच फोटो वर्षानुवर्षं सर्चमध्ये वर दिसत राहिला, तरच कमाई होते.

सर्च केल्यावर आत नेमकं काय होतं?

सोयीसाठी याचे दोन टप्पे करूया.

पहिला टप्पा जुळवणीचा. समजा कुणी 'इंडियन फार्मर मान्सून' असं इंग्रजीत टाइप केलं. ज्या फोटोंच्या शीर्षकात किंवा कीवर्डमध्ये हे शब्द आहेत, ते सगळे फोटो साइट बाजूला काढते. पुस्तकाच्या शेवटी विषयसूची असते ना, तसंच. सूचीत शब्द नसेल तर पान सापडत नाही. तुमच्या फोटोत शेतकरी आहे, पाऊस आहे, पण 'मान्सून' हा शब्द तुम्ही दिलेला नसेल, तर तुमचा फोटो या टप्प्यावरच मागे पडू शकतो.

दुसरा टप्पा क्रमवारीचा. जुळलेले फोटो हजारोंनी असतात. त्यातला कोणता पहिल्या पानावर आणि कोणता चाळिसाव्या पानावर, हे अल्गोरिदम ठरवतो. कंपन्या त्याचं पूर्ण सूत्र उघड करत नाहीत. पण ढोबळ घटक माहीत आहेत: शब्द फोटोशी किती नेमकेपणाने जुळतात, तो शब्द टाइप करणाऱ्या लोकांनी आधी या फोटोवर क्लिक केलं का, आणि शेवटी डाऊनलोड केला का.

टॅगमुळे तुमचा फोटो स्पर्धेत उतरतो. पुढे तो वर राहणार की खाली घसरणार, हे ग्राहक त्याच्याशी कसा वागतो यावर बरंचसं ठरतं. यात एक अन्यायही आहे. जो फोटो वर दिसतो त्याच्यावर जास्त क्लिक पडतात, आणि क्लिक पडले की तो वरच राहतो. नव्या माणसाला या रांगेत घुसायचं असेल तर जिथे गर्दी कमी आहे अशा नेमक्या शब्दांपासून सुरुवात करणं जास्त शहाणपणाचं.

प्रत्येक साइटचे नियम सारखेच असतात का?

नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. एकच यादी सगळीकडे कॉपी-पेस्ट केली जाते.

• अ‍ॅडोबी स्टॉक: कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ४९ कीवर्ड. इथे क्रमाला महत्त्व आहे. सगळ्यात महत्त्वाचे १० शब्द सुरुवातीला ठेवा, असं कंपनीच सांगते. साइट फोटो पाहून स्वतःहून कीवर्ड सुचवते, पण ते तपासून, क्रम बदलून घ्यायचं काम तुमचं.

• शटरस्टॉक: ७ ते ५० कीवर्ड. फोटोशी संबंध नसलेले शब्द घातले तर फोटो नाकारला जाऊ शकतो.

• अलामी: १९९९ मध्ये सुरू झालेली ही ब्रिटिश साइट ५० टॅग देऊ देते. त्यातले १० पर्यंत टॅग 'सुपरटॅग' म्हणून निवडता येतात. सर्चमध्ये त्यांना जास्त वजन मिळतं.

• गेटी आणि आयस्टॉक: इथे ठरलेल्या शब्दसंग्रहातून अर्थ निवडायचा असतो. मराठीतला 'पान' हा शब्द घ्या. झाडाचं पान, विड्याचं पान की पुस्तकाचं पान? इंग्रजीत 'ऑरेंज' म्हटलं की फळ की रंग, असाच घोळ होतो. अर्थ आधीच पक्का केला की संत्री शोधणाऱ्यासमोर केशरी भिंत येत नाही.

मग ५० च्या ५० टॅग भरून टाकले तर?

सगळे शब्द फोटोला लागू पडत असतील तर जरूर भरा. पण यादी भरायची म्हणून 'योगा', 'ताजमहाल', 'होळी' असे चालणारे शब्द घुसवले, तर नुकसान तुमचंच.

अलामीची पद्धत पाहिली की हे नीट कळतं. फोटो ग्राहकाच्या सर्चमध्ये दिसला की तो 'व्ह्यू' धरला जातो. ग्राहकाने तो मोठा करून पाहिला की 'झूम'. दर १०० व्ह्यूमागे किती झूम, याला क्लिक थ्रू रेट म्हणतात.

एक काल्पनिक हिशेब करू. तुमचे फोटो योग्य शब्दांवर १०० वेळा दिसले आणि ३ वेळा उघडले गेले. दर झाला ३. आता तुम्ही चालणारे पण संबंध नसलेले शब्द टाकले. फोटो ५०० वेळा दिसले, पण योगाचा फोटो शोधणाऱ्याला तुमचं काय घेणंदेणं? उघडले गेले ४ वेळा. दर आला ०.८ वर. फोटो पाचपट जास्त दिसूनही दर्जा घसरला. आणि अलामीवर हा दर्जा एका फोटोपुरता राहत नाही, तो फोटोग्राफरच्या संग्रहाला लागतो. एका फोटोवरच्या खोट्या टॅगचा फटका बाकीच्या चांगल्या फोटोंनाही बसतो.

इंटरनेटच्या जगात हा धडा जुनाच आहे. वेबपेजच्या कोडमध्ये लपवून कीवर्ड टाकण्याची एक जागा असायची. लोकांनी तिथे वाट्टेल ते शब्द भरले. शेवटी आपण वेब सर्चच्या क्रमवारीसाठी ती जागा बघतच नाही, असं गुगलने २००९ मध्ये जाहीर केलं. स्टॉक साइट कीवर्ड टाकून देऊ शकत नाहीत, म्हणून त्या ग्राहकाच्या क्लिकवरून खरं-खोटं तपासतात.

एक उदाहरण घेऊ: वारीचा फोटो

समजा फोटो असा आहे: पंढरपूरच्या वाटेवर नऊवारी नेसलेली एक आजी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालते आहे. मागे दिंडी, टाळकरी, भगव्या पताका आणि ढगाळ आभाळ.

घाईत दिले जाणारे टॅग असे असतात: भारत, भारतीय, संस्कृती, उत्सव, लोक, प्रवास, सुंदर, फोटो. हे चुकीचे नाहीत, पण 'भारत' या शब्दावर लाखो फोटो रांगेत आहेत. 'सुंदर' आणि 'फोटो' हे तर वायाच गेले, कारण तसं सर्च करून कुणी वारीपर्यंत पोचत नाही.

त्याऐवजी चार प्रश्न विचारून पाहा.

कोण? वारकरी, ज्येष्ठ महिला, एक व्यक्ती पुढे, मागे गर्दी.

काय करते आहे? पायी चालणं, तीर्थयात्रा, डोक्यावर तुळस वाहणं.

कुठे, कधी? पंढरपूर, महाराष्ट्र, आषाढी वारी, पालखी सोहळा, पावसाळा.

कशासाठी वापरता येईल? श्रद्धा, भक्ती, चिकाटी, ग्रामीण जीवन, परंपरा.

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. जर्मनीतल्या एखाद्या मासिकाच्या डिझायनरला 'वारकरी' हा शब्द माहीत नसतो. तो 'ज्येष्ठ स्त्री, श्रद्धा, चालणं' असंच शोधणार. पुण्यातल्या न्यूज पोर्टलचा माणूस मात्र थेट 'आषाढी वारी' टाइप करेल. दोघांनाही तुमचा फोटो सापडायला हवा. म्हणून अ‍ॅडोबीसारख्या साइटवर पहिल्या दहात दोन्ही प्रकारचे शब्द असावेत: आपले नेमके शब्द आणि जगाला कळणारे सोपे शब्द.

डिझायनर लोक मांडणीचे शब्दही शोधतात. मजकूर टाकायला मोकळी जागा असेल तर 'कॉपी स्पेस', वरून काढलेला असेल तर 'टॉप व्ह्यू', माणूस नसेल तर 'नोबडी'. फोटोत ते खरोखर असेल तरच हे टॅग द्या.

एक व्यवहाराची बाब. आजींचा चेहरा ओळखू येतो आणि त्यांनी मॉडेल रिलीजवर सही केलेली नाही, तर हा फोटो जाहिरातीसाठी विकता येत नाही. तो 'एडिटोरियल' म्हणून द्यावा लागतो. शटरस्टॉकवर अशा फोटोच्या ओळीत आधी शहर, राज्य किंवा देश आणि तारीख, मग वर्णन, असा क्रम पाळावा लागतो.

मराठी नावांचं काय करायचं?

शटरस्टॉकवर कीवर्ड इंग्रजीतच द्यावे लागतात. अ‍ॅडोबीवर इतर काही भाषा निवडता येतात, पण मराठी त्यात नाही. त्यामुळे आपल्या गोष्टी रोमन लिपीत लिहिताना स्पेलिंगचा घोळ होतोच. 'वारी' कुणी व्हीने लिहितं, कुणी डब्ल्यूने. 'पाडवा' आणि 'वडापाव' यांचंही तेच. शोधणाराही दोन्ही प्रकारे लिहितो. म्हणून प्रचलित स्पेलिंग दोन असतील तर दोन्ही द्या. हे स्पॅम ठरत नाही, कारण दोन्ही शब्द फोटोतल्या त्याच गोष्टीचे आहेत.

दुसरी अडचण बदललेल्या नावांची. मुंबईचं सीएसएमटी स्टेशन हे यातलं ठळक उदाहरण. व्हिक्टोरिया टर्मिनसचं नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' जोडलं गेलं. २००४ मध्ये ही इमारत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. आजही परदेशी माणूस 'व्हिक्टोरिया टर्मिनस बॉम्बे' असं शोधू शकतो, तर मुंबईकर 'सीएसएमटी'. शीर्षकात आजचं अधिकृत नाव लिहा आणि जुनी नावं कीवर्डमध्ये ठेवा, म्हणजे शोधणारा कुठल्याही नावाने आला तरी योग्य नावापर्यंत पोचतो.

वेरूळच्या लेण्यांबाबतही हेच. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण सर्चमध्ये जुनं नाव राहणारच. त्यातच बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. त्यामुळे सोबत 'महाराष्ट्र' आणि 'एलोरा' हे शब्द असले नाहीत, तर फोटो भलत्याच राज्याच्या बातमीला लागायचा.

एआयला फोटो 'दिसतो', मग टॅग कशाला?

प्रश्न रास्त आहे. ओपनएआयने जानेवारी २०२१ मध्ये 'क्लिप' नावाचं मॉडेल जाहीर केलं. इंटरनेटवरच्या ४० कोटी फोटो-मजकूर जोड्यांवरून ते शिकलं होतं. अशा तंत्रामुळे टॅग नसतानाही 'छत्री घेतलेली बाई' असा फोटो शोधता येतो. स्टॉक साइटवरही एक फोटो दाखवून त्यासारखे दुसरे शोधण्याची सोय आहे.

पण यंत्राला छत्री दिसते. ती बाई वारीत आहे की बाजारात, गाव सासवड आहे की सांगली, फोटो यंदाचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, हे पिक्सेलमधून खात्रीने कळत नाही. ते काढणाऱ्यालाच माहीत असतं.

शिवाय एआयला हे सगळं शिकवलं कशाने? माणसांनी लिहिलेल्या शब्दांनी. शटरस्टॉकने २०२३ मध्ये ओपनएआयसोबतचा आपला डेटाचा करार सहा वर्षांसाठी वाढवला. त्याच वर्षी गेटीने स्टॅबिलिटी एआय या कंपनीवर अमेरिकेत खटला भरला. १ कोटी २० लाखांहून अधिक फोटो आणि त्यांच्यासोबतच्या ओळी व माहितीही परवानगीशिवाय कॉपी केली, असा गेटीचा आरोप होता. म्हणजे टॅगची किंमत आता सर्चपुरती राहिलेली नाही. नऊवारीच्या फोटोला आज सरसकट 'सारी' एवढाच टॅग मिळाला, तर उद्याच्या एआयलाही नऊवारी आणि पाचवारीतला फरक कळायला कठीण जाईल.

चुकीच्या टॅगने खोटी बातमी पसरू शकते का?

हो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 'क्रायकी' या न्यूज साइटने एक प्रकार समोर आणला. अ‍ॅडोबी स्टॉकवर इस्रायल-गाझा युद्धाच्या नावाखाली एआयने बनवलेली चित्रं विक्रीला होती. साइटवर त्यांच्यापुढे एआयची खूण होती. पण काही छोट्या साइटनी ती घेऊन खूण न देताच छापली आणि वाचकांना ती युद्धभूमीवरचे फोटो वाटण्याची शक्यता निर्माण झाली.

चित्र वर येण्याचं कारण त्याला जोडलेले शब्दच होते. बातमीत असलेला विषय शोधणाऱ्यासमोर ते येऊन उभं राहिलं. त्यानंतर अ‍ॅडोबीने नियम कडक केले: एआयचं चित्र खऱ्या घटनेचं आहे असं सुचवणारं शीर्षक किंवा कीवर्ड चालणार नाही. खऱ्या कलाकारांची नावं वापरायलाही एआय चित्रांसाठी मनाई आहे.

खऱ्या फोटोंनाही हे लागू होतं. एका जिल्ह्यातल्या पुराचा फोटो दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने टॅग केला, तर पुढच्या पावसाळ्यात तो कुठल्या बातमीला लागेल याचा नेम नाही. फोटोतल्या माणसाचा धर्म किंवा जात अंदाजाने लिहिणं तर टाळायलाच हवं.

फोटो व्हॉट्सॲप-इन्स्टावर टाकला की टॅगचं काय होतं?

फोटोच्या फाइलमध्येच शीर्षक, कीवर्ड, काढणाऱ्याचं नाव आणि कॉपीराइट लिहून ठेवता येतं. त्यासाठी आयपीटीसी या संस्थेने ठरवलेली पद्धत वृत्तसंस्था आणि फोटोग्राफर कित्येक वर्षं वापरत आहेत. फाइलमध्ये एकदा माहिती भरली की स्टॉक साइट ती आपोआप वाचते, प्रत्येक ठिकाणी पुन्हा टाइप करावं लागत नाही.

सोशल मीडियावर अपलोड करताना मात्र यातली बरीच माहिती गळून पडते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो आकसतो आणि माहिती जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल तशीच पोचते. ग्राहकाला किंवा संपादकाला फोटो पाठवताना हे लक्षात ठेवा.

गुगल इमेजेसमध्येही या माहितीचा उपयोग आहे. ऑगस्ट २०२० पासून गुगल काही फोटोंवर 'लायसन्सेबल' अशी खूण दाखवतं. फोटोत किंवा वेबपेजवर लायसन्सचा तपशील दिलेला असेल तर ही खूण मिळू शकते आणि फोटो कुठे विकत मिळेल हे शोधणाऱ्याला कळतं.

अपलोड करण्याआधी हे तपासा

१. शीर्षक एक साधं, पूर्ण वर्णन आहे का? नुसती शब्दांची माळ नको.

२. पहिले १० कीवर्ड वाचून, फोटो न पाहता, कुणाला फोटोची कल्पना येईल का?

३. प्रत्येक शब्दासाठी विचारा: हा शब्द शोधणारा माझा फोटो पाहून उघडेल का? उत्तर 'नाही' असेल तर शब्द काढा.

४. ठिकाण, सण, पदार्थ यांची नेमकी नावं, दोन्ही स्पेलिंग आणि जुनी-नवी नावं दिली आहेत का?

५. ब्रँडची नावं, कॅमेऱ्याचं मॉडेल, 'बेस्ट', 'ब्युटिफुल' असे शब्द आले असतील तर काढा.

६. एकसारख्या २० फोटोंना एकच यादी चिकटवली आहे का? प्रत्येक फोटोत काय वेगळं आहे ते त्याच्या टॅगमध्ये दिसू द्या.

७. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा. कोणत्या शब्दांवर फोटो विकला गेला हे साइट दाखवत असेल, तर पुढच्या फोटोंचे टॅग त्यावरून ठरवा.

एका फोटोला नीट टॅग द्यायला पाच-दहा मिनिटं जातात. पण आपला गाव, आपला सण किंवा आपला पदार्थ जगात कुणीही शोधला तर समोर काय यावं, हे त्या पाच-दहा मिनिटांत बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं. तुम्ही ते लिहिलं नाही, तर त्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी अंदाजाने टॅग केलेला फोटो दिसेल.